पट्टीतला ओलावा आणि प्रायव्हेट मेथड

या महिन्यातली चार पत्रं एकाच अडचणीची आहेत: क्लासच्या आत असलेल्या, बाहेरून हाक न मारता येणाऱ्या मेथडची टेस्ट लिहायची कशी? परभणीच्या पत्राला मी सगळ्यात जास्त जागा दिली आहे. त्यात शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पैशाचा हिशोब आहे, आणि तो घाईत उरकायचा विषय नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी परभणीत एका लहान कंपनीत काम करते. आमचं सॉफ्टवेअर जिनिंग-प्रेसिंगवाल्यांसाठी आहे. कापसाची गाडी आली की भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा आणि भाव टाकायचा आणि शेतकऱ्याची पट्टी काढायची. सगळं सी शार्पमध्ये आहे. पट्टीच्या क्लासमध्ये पब्लिक मेथड एकच आहे. ओलाव्याची कपात, वजनातली घट, पैशांचं राउंडिंग या सगळ्या मेथड प्रायव्हेट. मला ओलाव्याच्या मेथडची युनिट टेस्ट लिहायची आहे. मॉक्यू ही मॉकिंग लायब्ररी वापरून पाहिली, ती प्रायव्हेट मेथडला हातच लावत नाही. सर म्हणायलेत, पब्लिक करून टाक अन् मोकळी हो. सोबतचा मुलगा म्हणतो, रिफ्लेक्शननं कर. मी एका विकतच्या लायब्ररीची ट्रायल उतरवून घेतली आहे, तिच्यात प्रायव्हेट मेथडचंही मॉकिंग होतं. सरांना ती घ्यायला लावू का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : लायब्ररीचे पैसे भरायच्या आधी तुमच्या पत्रातला एक गुंता सोडवू. तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी एकदमच करायच्या आहेत. एक, प्रायव्हेट मेथडला हाक मारायची आणि तिचं उत्तर बरोबर आहे का ते बघायचं. दोन, प्रायव्हेट मेथडला बाजूला सारायचं आणि तिच्या जागी आपण ठरवलेलं उत्तर बसवायचं. मॉकिंग लायब्ररी मुख्यतः दुसरं काम करते. तुमची गरज पहिली आहे.

समजा, विकतची लायब्ररी आणली आणि ओलाव्याच्या मेथडला मॉक करून सांगितलं की कपात २ टक्के दे. टेस्ट हिरवी होईल. पण तिनं सिद्ध काय केलं? तुम्ही सांगितलेले २ टक्के पट्टीनं वजा केले, इतकंच. १० टक्के ओलाव्याला कपात खरोखर २ टक्केच येते का, या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. ज्या नियमाची काळजी वाटून तुम्ही पत्र लिहिलंत, तोच टेस्टमधून बाहेर पडला. म्हणून हिशोब करणाऱ्या मेथडला मॉक करू नका, मग ती प्रायव्हेट असो की पब्लिक.

मॉक्यू प्रायव्हेटला हात का लावत नाही, तेही समजून घ्या. मॉक्यू आतून कॅसल डायनॅमिक प्रॉक्सी वापरतं. तुमच्या क्लासपासून ते प्रोग्रॅम चालू असतानाच एक नवा उपक्लास बनवतं आणि मेथड ओव्हरराइड करतं. म्हणजे इंटरफेस, अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड आणि व्हर्च्युअल (म्हणजे उपक्लासला बदलू दिलेली) मेथड इथपर्यंतच त्याची पोहोच. सी शार्पमध्ये मेथड आपण लिहिल्याशिवाय व्हर्च्युअल होत नाही, आणि प्रायव्हेट मेथड ओव्हरराइड करायला भाषाच परवानगी देत नाही. एनसब्स्टिट्यूटचं आणि जस्टमॉकच्या फुकट मिळणाऱ्या लाइट आवृत्तीचंही असंच आहे.

विकतच्या लायब्ररी वेगळ्या वाटेनं जातात. जस्टमॉकची पूर्ण आवृत्ती आणि टाइपमॉक आयसोलेटर डॉटनेटच्या प्रोफायलरची सोय वापरतात आणि मेथडचा कोड मेमरीत चढताना बदलतात. त्यामुळे प्रायव्हेट, स्टॅटिक, सील्ड, काहीच त्यांना अडवत नाही. ताकद मोठी आहे, पण तिच्यासोबत दोन गोष्टी येतात. प्रायव्हेट मेथडचं नाव टेस्टमध्ये अवतरण चिन्हांत, नुसती अक्षरं म्हणून द्यावं लागतं. उद्या कुणी मेथडचं नाव बदललं तर कंपायलर गप्प राहतो आणि टेस्ट चालवल्यावर पडते. आणि प्रोफायलर चालू असल्याशिवाय या टेस्ट चालत नाहीत, म्हणजे बिल्ड सर्व्हरवरही तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून सुरू करावा लागतो. लहान कंपनीत ही देखभाल शेवटी एकाच माणसाच्या गळ्यात पडते, आणि पत्रावरून तरी तो माणूस तुम्हीच आहात.

तुमच्यासोबतचा मुलगा सांगतो ते रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मेथड तिच्या नावानं शोधून चालवणं, जमतं. बाइंडिंगफ्लॅग्जमध्ये नॉनपब्लिक आणि इन्स्टन्स दिलं की मेथड सापडते आणि चालवताही येते. डॉटनेट ८ पासून अनसेफअ‍ॅक्सेसर नावाचं अ‍ॅट्रिब्यूटही आहे, ते हेच काम जास्त वेगानं करतं. जुन्या एमएसटेस्टमध्ये प्रायव्हेटऑब्जेक्ट होतं, ते डॉटनेट कोअरमध्ये आलं नाही. पण इथेही नाव अक्षरांतच द्यायचं. शिवाय रिफ्लेक्शननं चालवलेल्या मेथडनं एक्सेप्शन फेकलं तर ते टार्गेटइन्व्होकेशनएक्सेप्शनच्या आत गुंडाळून येतं, मग टेस्टमध्ये ते उलगडत बसा. तुमच्या कामाला यातलं काहीच लागत नाही.

वजनमापे निरीक्षक काटा तपासायला येतात तेव्हा काय करतात ते आठवा. प्रमाणित वजनं पारड्यात ठेवतात आणि काटा काय दाखवतो ते वाचतात. आतली स्प्रिंग कशी बसवली आहे, हे बघायला डबा उघडत नाहीत. तुमच्या पट्टीची टेस्ट तशीच घ्या. ओलाव्याची मेथड प्रायव्हेटच राहू द्या. पब्लिक मेथडला माहीत असलेलं वजन, माहीत असलेला भाव आणि माहीत असलेला ओलावा द्या आणि आलेला आकडा कागदावर हातानं काढलेल्या आकड्याशी ताडून बघा.

आता आकडेच घेऊ. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे दर टक्क्याला भावाचा १ टक्का कमी, आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. म्हणजे १० टक्के ओलाव्याला भाव ७,९४७.८० रुपये. कापूस १२ क्विंटल ४० किलो असेल तर रक्कम ९८,५५२ रुपये ७२ पैसे. तोच कापूस ८ टक्क्यांचा असता तर १,००,५६४ रुपये झाले असते. एका गाडीमागे २,०११ रुपये २८ पैशांचा फरक या एका प्रायव्हेट मेथडमधून जातो. पहिली टेस्ट ही लिहा.

दुसरी बरोबर ८ टक्क्यांची, तिसरी बरोबर १२ ची, चौथी १२.१ ची. ‘पेक्षा मोठं’ की ‘मोठं किंवा बरोबर’, या एका चिन्हाची चूक याच जागी सापडते. मग येतो ९.४ टक्के. ओलावा मोजायचं यंत्र दशांश दाखवतंच. तिथे १.४ टक्के कापायचे, की १, की २? कोडमध्ये काहीतरी एक लिहिलेलं आहे. ते कुणाला विचारून लिहिलं होतं? टेस्ट लिहायला बसलं की असे प्रश्न आपोआप वर येतात. त्यांची उत्तरं जिनिंगच्या ऑफिसात बसणाऱ्या मुनीमजींकडून कागदावर घ्या. ८ च्या खाली, म्हणजे ७.५ टक्क्यांना काय करायचं, तेही त्यांनाच विचारा. तुम्ही किंवा मी ते परस्पर ठरवू नये.

राउंडिंगबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमची तिसरी प्रायव्हेट मेथड तीच आहे आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेख नुसता ओझरता केलात. ९ टक्के ओलाव्याला भाव होतो ८,०२८.९०. वजन १० क्विंटल ५ किलो धरलं तर रक्कम ८०,६९०.४४५. डॉटनेटचं मॅथ राउंड काही न सांगता वापरलं तर ते अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतं, म्हणजे ८०,६९०.४४. मुनीमजी हातानं काढतील ते ८०,६९०.४५. एका पैशाचा फरक, पण दिवसभराच्या पट्ट्यांची बेरीज आणि रोकडवहीची बेरीज जुळत नाही, आणि संध्याकाळी कुणीतरी डोकं धरून बसतं. मिडपॉइंटराउंडिंगमध्ये अवेफ्रॉमझीरो स्पष्ट लिहा आणि हाच आकडा टेस्टमध्ये घाला. पैसे डबलमध्ये, म्हणजे दशांश नेमके न ठेवणाऱ्या प्रकारात, ठेवले असतील तर आधी ते डेसिमलमध्ये आणा.

एक्सयुनिटमध्ये या सगळ्या ओळी एकाच टेस्टला तक्त्यासारख्या देता येतात. मात्र इनलाइनडेटामध्ये डेसिमल लिहिता येत नाही, कारण सी शार्प अ‍ॅट्रिब्यूटमध्ये डेसिमल चालवत नाही. तिथे मेंबरडेटा वापरा. आणि सी शार्पला देवनागरी नावं चालतात. टेस्टचं नाव खुशाल ‘ओलावा_बारा_टक्क्यांच्या_वर_गेला_तर_माल_परत’ असं ठेवा. ती यादी मुनीमजींना दाखवली तर ते वाचून सांगतील की एक नियम राहिलाय. मला हे फार मोलाचं वाटतं. हिशोबाचे नियम ज्यांना खरे ठाऊक असतात, त्यांच्यापर्यंत आपण टेस्ट नेतच नाही.

सरांचं ‘पब्लिक करून टाक’ मात्र ऐकू नका. आज ती मेथड टेस्टसाठी पब्लिक होईल. सहा महिन्यांनी रिपोर्टच्या स्क्रीनवर काम करणारा कुणीतरी तिलाच थेट हाक मारेल, घट आणि राउंडिंग सोडून नुसती ओलाव्याची कपात काढेल, आणि एकाच गाडीचे दोन आकडे दोन स्क्रीनवर दिसतील.

तरी सरांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे, तिला उत्तर द्यायला हवं. पब्लिक मेथडमधून ओलाव्याची प्रत्येक शक्यता तपासायची म्हणजे दर वेळी वजन, घट, भाव सगळं मांडावं लागतं. टेस्ट लांबत जातात. तसं होऊ लागलं की समजा, तो नियम त्या क्लासमध्ये मावेनासा झालाय. ओलाव्याचा नियम वेगळ्या क्लासमध्ये काढा. त्याला ओलावा आणि मूळ भाव द्यायचा, त्यानं कापलेला भाव परत द्यायचा. कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, हमीभाव दर हंगामाला नवा. त्याआधीच्या म्हणजे २०२४-२५ च्या हंगामात हाच भाव ७,५२१ होता. पट्टीचा छापील नमुना एका कारणानं बदलतो, ओलाव्याचा नियम दुसऱ्या. दोघांना एका क्लासमध्ये कोंबायची गरज नाही. वेगळ्या क्लासमध्ये ती मेथड मग प्रायव्हेट उरत नाही आणि तुमचा मूळ प्रश्नच निघून जातो.

तो क्लास इंटरनल, म्हणजे फक्त त्याच प्रोजेक्टला दिसणारा, ठेवा. प्रोजेक्टमध्ये इंटरनल्सव्हिजिबलटू हे अ‍ॅट्रिब्यूट घालून टेस्ट प्रोजेक्टचं नाव दिलं की टेस्टला तो दिसतो, बाकी जगाला नाही. सरांना पब्लिक आणि प्रायव्हेटच्या मधली ही जागा दाखवा, त्यांना पटेल. एकच लक्षात ठेवा: इंटरनल इंटरफेसला मॉक्यूनं मॉक करायचं असेल तर त्याच अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ‘डायनॅमिकप्रॉक्सीजेनअसेम्ब्ली२’ हेही नाव, रोमन अक्षरांत, द्यावं लागतं. मॉक्यूचा उपक्लास त्या अ‍ॅसेम्ब्लीत जन्माला येतो, म्हणून. तुमची अ‍ॅसेम्ब्ली स्ट्राँग नेमनं साइन केलेली असेल तर सोबत पब्लिक कीही लागते. इथे अडकलेली पत्रं मला वारंवार येतात.

मग मॉक्यूला काम काय? भरपूर आहे. शेतकऱ्याला जाणारा एसएमएस, वजनकाटा, प्रिंटर, आजची तारीख: जे जे कोडच्या बाहेर आहे ते मॉक करा. हंगाम बदलताना, ३० सप्टेंबरच्या रात्री आणि १ ऑक्टोबरच्या सकाळी पट्टी कुठला भाव उचलते, हे बघायला ऑक्टोबरची वाट बघायची नाही. डॉटनेट ८ मधला टाइमप्रोव्हायडर आत द्या आणि टेस्टमध्ये खोटं घड्याळ लावा.

आमच्या घरी सेलूच्या जिनिंगच्या पट्ट्या लोखंडी तारेत ओवून भिंतीला टांगलेल्या असायच्या. वडील त्या पुन्हा पुन्हा काढून बघायचे, पण कपातीच्या रकान्यातला आकडा कुठून आला हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. तुमची पट्टी अशाच एखाद्या घरात जाणार आहे. त्या रकान्याची टेस्ट तुम्हाला लिहावीशी वाटली याचा मला मनापासून आनंद आहे. लायब्ररीचे पैसे वाचवा आणि मुनीमजींसोबत एक दुपार बसा.

प्रश्न : मॅडम, मी वाळूजला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या सॉफ्टवेअर विभागात आहे. आमचा एक क्लास एचटीटीपीक्लायंटनं ग्राहक कंपनीच्या सर्व्हरवरून रोजची मागणी आणतो. टेस्टमध्ये खरा सर्व्हर नको. मॉक्यूनं एचटीटीपीक्लायंट मॉक करायला गेलो तर एरर येतो. हँडलरची सेंडअसिंक मेथड मॉक कर म्हणतात, पण ती प्रोटेक्टेड आहे. नॉनपब्लिक मेथड मॉक करू नये असं तुम्ही मागे लिहिलं होतं. मग?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमच्या जागी करा, बिनधास्त करा. प्रायव्हेट आणि प्रोटेक्टेड यांना एकाच मापानं मोजू नका. प्रायव्हेट मेथड क्लासची स्वतःची असते. प्रोटेक्टेड मेथड उपक्लाससाठी मुद्दाम उघडी ठेवलेली असते, आणि एचटीटीपीमेसेजहँडलरची सेंडअसिंक तर अ‍ॅबस्ट्रॅक्टच आहे. उपक्लासनं ती भरावी, यासाठीच ती तिथे आहे. एचटीटीपीक्लायंटच्या गेटअसिंकसारख्या मेथड व्हर्च्युअल नाहीत, म्हणून तुमचा एरर. मॉक हँडलरचा करायचा आणि तो हँडलर खऱ्या एचटीटीपीक्लायंटला द्यायचा.

मॉक्यूमध्ये त्यासाठी मॉक्यू डॉट प्रोटेक्टेड ही नेमस्पेस घ्या, मॉकवर प्रोटेक्टेड म्हणा, मग सेटअपमध्ये मेथडचं नाव अक्षरांत द्या. इथे बहुतेक जण आर्ग्युमेंटसाठी सवयीनं इट डॉट इझएनी लिहितात. ते चालत नाही, इटएक्सपीआर डॉट इझएनी लिहावं लागतं. नाव अक्षरांत द्यायचं नसेल तर प्रोटेक्टेडनंतर अ‍ॅज लावून त्याच आकाराचा एक लहान इंटरफेस देता येतो, मग कंपायलर मदतीला येतो. उत्तराचा रिस्पॉन्स दर हाकेला नवा बनवून द्या. एकच ऑब्जेक्ट दोनदा दिला तर पहिल्या वेळी वाचलेला मजकूर दुसऱ्या वेळी हाती लागत नाही. आणि मॉक स्ट्रिक्ट (सेटअप नसलेल्या हाकेला एरर देणारा) ठेवला असेल तर क्लायंट डिस्पोज होताना हँडलरचं प्रोटेक्टेड डिस्पोजही हाकारलं जातं आणि टेस्ट तिथे पडते. तेही सेटअप करा किंवा स्ट्रिक्ट काढून टाका.

मी स्वतः मात्र मॉक्यूऐवजी हातानं लिहिलेला हँडलर वापरते. एचटीटीपीमेसेजहँडलरपासून एक क्लास काढायचा, सेंडअसिंक ओव्हरराइड करायची, आलेल्या रिक्वेस्ट एका यादीत ठेवायच्या आणि ठरलेलं उत्तर द्यायचं. जेमतेम पंधरा ओळी. नवा माणूस आला तरी बघताक्षणी त्याला कळतं. आणि टेस्ट नुसती यशाची लिहू नका. सर्व्हरनं ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) दिलं, वेळेत उत्तर दिलं नाही, रिकामी यादी दिली, या तीन वेळी तुमचा क्लास काय करतो ते बघा. मागणी आलीच नाही आणि मागणी शून्य आहे, यांतला फरक कोडनं गमावला तर दुसऱ्या दिवशीचं उत्पादन चुकेल.

प्रश्न : ताई, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट जावामध्ये आहे. मॉकिटो या मॉकिंग लायब्ररीमध्ये प्रायव्हेट मेथड मॉक करायची सोय सापडत नाही. सिनिअर म्हणायलेत पॉवरमॉक लाव. व्हायव्हामध्ये प्रायव्हेट मेथडच्या टेस्ट का नाहीत असं विचारलं तर काय सांगू?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : पॉवरमॉक लावू नकोस. ते स्वतःचा क्लासलोडर लावून बाइटकोड बदलतं आणि जेयुनिट ४ च्या काळात बांधलेलं आहे. तू नवा प्रोजेक्ट करतोयस, म्हणजे जेयुनिट ५ वापरत असशील. मॉकिटोनं प्रायव्हेटची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. २०२० च्या ३.४.० आवृत्तीत स्टॅटिक मेथडचं मॉकिंग आलं, २०२३ च्या मॉकिटो ५ पासून फायनल क्लासही आपोआप मॉक होतात. प्रायव्हेट मात्र बाहेरच राहिली.

तुझ्याकडे जावाची एक साधी सोय आहे. मेथडच्या आधी पब्लिक, प्रायव्हेट काहीच लिहिलं नाही तर ती फक्त त्याच पॅकेजमधल्या क्लासना दिसते. टेस्टची फाइल टेस्टच्या फोल्डरमध्ये, पण त्याच नावाच्या पॅकेजमध्ये ठेव. खरोखर स्वतंत्रपणे तपासण्यासारखी मेथड असेल तर तिच्यापुढचं प्रायव्हेट काढून टाक, बस. बाकीच्या प्रायव्हेट मेथड पब्लिक मेथडच्या टेस्टमधून तपासल्या जातात. हे नुसतं सांगू नकोस, दाखव. कव्हरेजचा रिपोर्ट काढ आणि त्या मेथडच्या ओळी हिरव्या झालेल्या परीक्षकांसमोर ठेव. एखादी ओळ कुठल्याच पब्लिक मेथडमधून हिरवी होत नसेल तर ती ओळ कोडमध्ये कशाला आहे, ते व्हायव्हाच्या आधी शोध. बहुतेक वेळा ती काढूनच टाकायची असते.

प्रश्न : ताई, आमची लातूरला डाळमिल आहे. माझं शिक्षण सॉफ्टवेअरचं, म्हणून मिलचं सॉफ्टवेअर मीच बघतो. वजनकाट्याचा सी शार्पमधला जुना क्लास आहे, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्येच सिरियल पोर्ट उघडतो. काटा जोडलेला नसेल तर टेस्ट सुरूच होत नाही. पोर्ट वाचणारी मेथड प्रायव्हेट आहे. ज्यानं लिहिलं तो पुण्याला गेला. चालू हंगामात काही मोडलं तर वडील रागावतील. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, लातूर

उत्तर : विकतची प्रोफायलरवाली लायब्ररी कुठे शोभते, तर अशा ठिकाणी. कोडला बोटही लावता येत नसेल तर तिच्यानं पोर्ट बाजूला सारायचा, आजचं वागणं टेस्टमध्ये पकडायचं, आणि कोड हळूहळू सुधारला की त्या टेस्ट काढून टाकायच्या. पण तुम्ही स्वतःच मालक आहात, तुम्हाला थोडा हात लावता येईल. म्हणून त्या खर्चाशिवायचा रस्ता सांगते.

सिरियलपोर्ट क्लासची रीडलाइन व्हर्च्युअल नाही, मॉक्यूनं ती मॉक होणार नाही. म्हणून पोर्टमधून ओळ वाचण्याचं काम ज्या प्रायव्हेट मेथडमध्ये आहे, तिच्यात दुसरं काही असेल तर ते आधी बाहेर काढा. मग तिला प्रोटेक्टेड व्हर्च्युअल करा. टेस्टमध्ये एक उपक्लास बनवा आणि ती मेथड ओव्हरराइड करून ठरलेली ओळ परत द्या. एवढा बदल हंगामात करायला हरकत नाही, कारण चालू कोडच्या वागण्यात त्यानं काहीच बदलत नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये पोर्ट उघडणारी ओळही अशाच वेगळ्या प्रोटेक्टेड व्हर्च्युअल मेथडमध्ये न्या आणि टेस्टच्या उपक्लासमध्ये ती रिकामी ठेवा. एक जपा: मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा उपक्लासच्या कन्स्ट्रक्टरमधला कोड अजून चाललेला नसतो. ओव्हरराइड केलेल्या मेथडला लागणारी किंमत तिथे दिलीत तर ती रिकामी मिळेल. ती फील्डच्या घोषणेतच द्या.

हंगाम संपला की पोर्टचं सगळं काम एका वेगळ्या क्लासमध्ये काढा, पुढे इंटरफेस ठेवा, आणि ही प्रोटेक्टेडची सोय काढून टाका.

खरी जोखीम मात्र पोर्टमध्ये नाही, आलेल्या ओळीचा अर्थ लावण्यात आहे. बऱ्याच काट्यांचे इंडिकेटर नुसता आकडा पाठवत नाहीत. वजन स्थिर आहे की हलतंय, एकूण आहे की निव्वळ, याच्या खुणाही त्याच ओळीत असतात. तुमच्या कोडनं खूण न बघता आकडा उचलला तर तुरीचा ट्रक चढत असतानाचं वजन पावतीवर छापलं जाईल. म्हणून ओळ घेऊन वजन देणारी मेथड स्वतंत्र करा. तिला ना पोर्ट लागतो ना मॉक. तिच्या टेस्टसाठी आकडे स्वतः रचू नका. एक दिवस काटा जशा ओळी पाठवतो तशा सगळ्या एका फाइलमध्ये जमा करा: रिकामा काटा, चढणारा ट्रक, उभा ट्रक, उतरणारा ट्रक, आणि मध्येच वायर हलली तर येणारी तुटकी ओळसुद्धा. त्यातल्या वेगवेगळ्या ओळी निवडून प्रत्येकीसमोर अपेक्षित वजन लिहा, आणि जिथे वजन घ्यायचंच नाही तिथे तसं लिहा. फाइल तयार झाली की मला त्यातल्या दोन-चार ओळी पाठवा, खुणांचा अर्थ लावायला मी मदत करीन.